दहावा, तेरावा आणि एकविसावा

घरात माणूस गेला की बरीचशी कामं न सांगता होतात. शेजारचा कोणी बांबू आणि सुतळी आणायला निघतो, कोणी मडकं, कोणी गावाकडे फोन लावत बसतो, समोरच्या काकू चहाचं आधण ठेवतात. भटजींना कळवणारा माणूस ठरलेला असतो, स्मशानात लाकडं सांगणाराही. कागदांचं काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. ज्याने ते करायचं त्याच्या हातात त्या दिवशी शिंकाळं असतं आणि त्याला काही विचारायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून कागदांसाठी पहिल्या तासातच दुसरा माणूस नेमा. जावई, चुलतभाऊ, मावसबहीण, कोणीही चालेल. डोकं शांत असलेला, अक्षर बरं असलेला आणि वाटणीत हितसंबंध नसलेला असला की झालं.

या सगळ्यात अवघड असतं ते घाई कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, हे ओळखणं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मृत्यूची नोंद म्हटली की ‘बघू तेरावा झाल्यावर’, आणि एटीएममधून पैसे काढायला, बहिणींच्या सह्या घ्यायला मात्र दहाव्याच्या आतच धावपळ.

पहिल्या दिवशीचा कागद

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर काम सोपं. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, रुग्णालय देतं आणि नोंदीसाठीची माहितीही तेच निबंधकाकडे पाठवतं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णाच्या नातेवाइकांचा तो हक्कच आहे. बिलाची वसुली रुग्णालयाने नंतर वेगळ्या मार्गाने करावी.

घरी मृत्यू झाला की खरी पळापळ. नमुना ४अ द्यायचा तो शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने. गल्लीतल्या ज्या डॉक्टरने रुग्णाला कधी पाहिलंच नाही तो सही द्यायला नकार देतो तेव्हा लोक चिडतात, पण त्याचं बरोबर असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर फॅमिली डॉक्टरला अधूनमधून घरी बोलावून तपासून घेण्याचा हा एक न सांगितलेला फायदा आहे: वेळ आली की त्याला आजार माहीत असतो. कोणीच डॉक्टर मिळाला नाही तर जवळचं सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय गाठायचं.

पडून, भाजून, विजेच्या धक्क्याने, विषाने, साप चावून किंवा रस्त्यावर मृत्यू आला असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. ‘आता देहाची आणखी विटंबना नको’ म्हणून नातेवाईक इथे हातापाया पडतात, कधी ओळखी लावतात. त्यांची भावना समजते, पण त्याची किंमत मागे राहिलेल्या बायकामुलांना मोजावी लागते. रात्री शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावतो, पहाटे गावातच अग्नी दिला जातो, आणि दोन महिन्यांनी तालुका कृषी कार्यालयात पंचनाम्याची नि शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मागतात. ती नसते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश आणि वीज पडणं त्यात येतं, आणि प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा. कोणत्याही अपघात विम्याची गोष्ट हीच: पोलिसांचा कागद आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर मृत्यू अपघाती होता हे सिद्ध करणं फार कठीण.

डॉक्टरचं प्रमाणपत्र स्मशानात देण्याआधी त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. मूळ कागद तिथेच ठेवून घेतात. पुढे मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच ते छापायचं नसतं. विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न कारणाचाच विचारते. स्मशानातली पावतीही जपून ठेवा. घरी झालेल्या मृत्यूच्या नोंदीला ती लागते.

नेत्रदान करायचं असेल तर हाताशी सहा तास असतात. पापण्या मिटायच्या, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, म्हणून अडत नाही. पथक घरी येतं आणि काम लवकर आटोपतं. अंत्ययात्रेला उशीर होत नाही.

एकविसावा दिवस

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षभर वरिष्ठ निबंधकाची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद होते ती जिथे मृत्यू झाला तिथे, माणूस कुठला राहणारा होता याला महत्त्व नाही. करमाळ्याचे आजोबा पुण्याच्या रुग्णालयात गेले तर नोंद पुणे महापालिकेत. गावच्या ग्रामसेवकाकडे कितीही खेटे घातले तरी तो दाखला देऊ शकणार नाही.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते नावाकडे. मराठी घरातल्या बाईला आयुष्यात दोन तरी नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं सासरचं, सातबाऱ्यावर तलाठ्याने ‘बाई’ जोडून लिहिलेलं, आधारवर इंग्रजीत कोणीतरी टंकलेलं. कुसुम, कुसुमबाई आणि सुमन दत्तात्रय या तिघी एकच, हे घराला माहीत असतं, बँकेला नाही. पुरुषांचं थोडं बरं, पण ‘दत्तात्रय’ की ‘दत्तात्रेय’, ‘बापू’ की ‘ज्ञानदेव’, आडनाव ‘पाटील’ की मूळचं ‘जाधव’, हे घोळ त्यांचेही असतात. म्हणून नोंदीचा अर्ज भरताना आधार, बँकेचं पासबुक आणि जमिनीचा उतारा समोर ठेवा. जास्तीत जास्त पैसा आणि मालमत्ता ज्या नावाने आहे ते नाव दाखल्यावर यायला हवं. छापण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी अक्षर अक्षर वाचा. वडिलांचं, पतीचं नाव, मृत्यूची तारीख, पत्ताही बघा. एकदा नोंद झाली की वेलांटी बदलायलाही प्रतिज्ञापत्र लागतं. एवढं करूनही नावं जुळली नाहीत तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवावं लागतं. ते एकदाच, सगळी नावं घालून करा. प्रत्येक कार्यालयासाठी वेगळं नको.

दाखल्याच्या प्रमाणित प्रती एकदम आठ-दहा काढून ठेवल्या तर नंतरचे हेलपाटे वाचतात.

पासबुक वाचायचं कसं

तेराव्यानंतर बँकेत जा. त्याआधी नाही, आणि गुपचूप तर मुळीच नाही. ‘बँकेला कळायच्या आत एटीएमने काढून घ्या’ हा सल्ला प्रत्येक मयताच्या घरी कोणीतरी देतो. खातेदार गेल्यावर त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क असतो. एकाने कार्ड घासून काढलेले पैसे पुढे भावाभावांत संशयाचं कारण होतात, कधी पोलीस तक्रारीचं. खातं ‘कोणीही एक किंवा हयात’ असं संयुक्त असेल तर मात्र हयात खातेदाराला व्यवहार चालू ठेवता येतो, फक्त नाव कमी करून घ्यायचं.

बँकेत गेल्यावर पहिली मागणी करा ती गेल्या दोन-तीन वर्षांच्या उताऱ्याची. मग घरी येऊन पेन्सिल घेऊन तो ओळीओळीने वाचा, कारण गेलेल्या माणसाने कोणाला न सांगितलेले सगळे व्यवहार तिथे दिसतात. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. त्याच सुमारास २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचा दावा त्याच बँकेत करायचा आणि शक्यतो ३० दिवसांत, म्हणून हे वाचन लांबवू नये. दरवर्षी ठरावीक तारखेला आयुर्विम्याचा हप्ता गेलेला दिसेल. पॉलिसीचा कागद कपाटात सापडला नाही तरी क्रमांकावरून शोध लागतो. लॉकरचं भाडं दिसेल. कुठल्याशा कंपनीकडून दोन-तीनशे रुपये जमा झालेले असतील, तो लाभांश असतो. म्हणजे शेअर आहेत. महिन्याला हजार रुपये म्युच्युअल फंडाकडे जात असतील. सोन्याच्या भिशीचे पैसे, शेजाऱ्याला दिलेले उसनेही कधी कधी इथेच सापडतात.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर भविष्य निर्वाह निधीबरोबर आणखी दोन गोष्टी असतात ज्या कामगाराच्या पगारातून वेगळ्या कापल्या जात नाहीत, म्हणून घरच्यांना ठाऊक नसतात. एक, ईडीएलआय हा विमा, ७ लाखांपर्यंतचा. दुसरी, विधवेचं आणि मुलांचं निवृत्तिवेतन. यासाठी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. मुलांना ते वयाच्या २५ पर्यंत, एका वेळी दोघांना मिळतं. सरकारी नोकर आणि निवृत्त शिक्षकांच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज कोषागाराकडे जातो. एक पथ्य पाळा: पेन्शन मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच असते. बँकेला उशिरा कळवलं आणि नंतरचे दोन महिने पैसे जमा होत राहिले, तर ते परत जातात. तोवर ते खर्च झाले असले की वृद्ध आईच्या खात्यातून वसुली सुरू होते.

खात्यावर नॉमिनी असेल तर बँकेला मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढंच लागतं. नसेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची संमती. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत, हे सोप्या पद्धतीने व्हायला हवं. कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र आणा म्हणून पिटाळता येत नाही. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. काऊंटरवर कोणी ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणालं तर अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच मागितल्यावर साहेब बऱ्याचदा त्याच दिवशी रजेवरून येतात.

जुन्या, विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्‌गम’ संकेतस्थळ आहे. पण आपल्या गावोगावच्या पतसंस्था त्यात नाहीत, कारण त्या बँका नव्हेत. शिक्षकांची पतपेढी, कारखान्याची सोसायटी, बाजारपेठेतली पतसंस्था, इथे स्वतः जाऊनच विचारावं लागतं. सभासदाचे शेअर, ठेव आणि काही ठिकाणी मृत सभासदाच्या वारसाला मिळणारी मदत, तिन्हींची चौकशी करा.

नॉमिनीचे पैसे कोणाचे

सगळ्यात जास्त घरं फुटतात ती या गैरसमजामुळे. नॉमिनी म्हणजे मालक, असं लोक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबती देवी खटल्यात विम्याच्या पैशांबाबत सांगितलं की नॉमिनीने रक्कम स्वीकारायची ती वारसांच्या वतीने. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेला वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर व म्युच्युअल फंडांबाबतही हेच ठरलं: नॉमिनी असल्याने वारसाहक्क बदलत नाही. विम्याच्या कायद्यात २०१५ साली पती-पत्नी, आईवडील आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना झुकतं माप देणारी दुरुस्ती झाली आहे, त्यावर न्यायालयांत अजून मतभेद आहेत. गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. फ्लॅट कोणाचा, हे सोसायटी ठरवत नाही.

मग वारस कोण? आधी मृत्युपत्र शोधा. दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला साधा कागदही चालतो, नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना समान वाटा. यातली आई लोक विसरतात. तरुण मुलगा गेला तर त्याच्या पैशात सुनेइतकाच सासूचाही वाटा असतो, सासऱ्याचा मात्र नसतो. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे. गोव्यात तर चौकटच निराळी: पती-पत्नीची मालमत्ता सहसा समाईक मानतात, म्हणून अर्धा भाग हयात जोडीदाराचा आधीपासूनच असतो, आणि वारसांचा दस्त विशेष नोटरीपुढे होतो.

सातबाऱ्यावरची नावं

जमीन असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा; आता ‘ई-हक्क’वरूनही करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंदवतो, मग फेरफार धरतो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतींची वाट पाहतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आजोबा, पणजोबा अजून सातबाऱ्यावर ‘जिवंत’ असलेली खाती राज्यात इतकी साठली होती की २०२५ साली महसूल खात्याला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढावी लागली. एका पिढीची नोंद राहिली तर पुढच्या पिढीला चार वारसांच्या जागी चौदा शोधावे लागतात, त्यातले दोघे सुरतला आणि एक दुबईला.

जुन्या उताऱ्यावर थोरल्या काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे काका मालक नव्हेत, सगळ्यांच्या वतीने नाव लागलेलं आहे. काका गेल्यावर फक्त त्यांच्याच मुलांची वारस नोंद होत असेल तर त्या १५ दिवसांत लेखी हरकत घ्या.

आता बहिणींचं. त्या दहाव्याला, तेराव्याला येतात, आणि परत निघण्याआधी कोणीतरी स्टॅम्प पेपर पुढे करतो. ‘तू कुठे येणारेस शेती करायला, सही करून टाक म्हणजे आम्ही मोकळे.’ रडून सुजलेल्या डोळ्यांनी, माहेर तुटेल या भीतीने सही होते. माझं मत ठाम आहे: पहिल्या महिन्यात कोणीही, बहिणीने, आईने किंवा विधवा सुनेने, कुठल्याही हक्कसोड पत्रावर सही करू नये, आणि भावांनी मागूही नये. आधी सगळ्यांची नावं लागू द्यात. हक्क सोडायचाच असेल तर तो नंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत दस्ताने, समजून उमजून सोडता येतो. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या सहीने तो सुटत नाही, फक्त भांडणाला पुरावा मिळतो. आणि वंशावळीतून बहिणीचं नाव गाळणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र.

कर्जाबाबतही अशीच घाई होते. वसुलीचा माणूस दारात आला की मोठा मुलगा लाजेपोटी ‘मी फेडतो’ लिहून देतो. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तरच तुमच्या पगाराला हात लागतो. गृहकर्ज असेल तर मंजुरीच्या वेळचे कागद काढा. कर्जाबरोबर विमा उतरवून त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, आणि कर्ज घेणारा गेल्यावर ते कोणालाच आठवत नाही.

राहिलेली कामं सावकाश झाली तरी चालतात. रेशन कार्ड, मतदार यादी, वीज मीटर, घरपट्टी, गॅस, सगळीकडे तोच दाखला आणि तोच अर्ज. गाडी असेल तर मृत्यूची माहिती ३० दिवसांत आणि नाव बदलायचा अर्ज तीन महिन्यांत आरटीओकडे द्यायचा, एवढी एक मुदत लक्षात ठेवा. मोबाइलचं सिम लगेच बंद करू नका. वर्षभर रिचार्ज चालू ठेवा, कारण विम्याचे, बँकेचे संदेश त्याच क्रमांकावर येत राहतात. पॅन कार्डही परत करायची घाई नको. गेलेल्या माणसाचं त्या वर्षीचं आयकर विवरण वारसाने भरायचं असतं आणि परतावा निघत असेल तर तो मिळेपर्यंत पॅन लागतं. आधारला मृत्यू कळवायची सोय २०२५ पासून त्याच्या संकेतस्थळावर झाली आहे. तीही बाकीचं उरकल्यावर वापरली तरी चालते.

एक काम मात्र या सगळ्या यादीत कुठेच नसतं. वडील गेले की त्यांची खाती, त्यांची जमीन, त्यांची गाडी यांमागे सहा महिने जातात. आईच्या स्वतःच्या बचत खात्यावर, तिच्या ठेवीवर, तिच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून वडिलांचंच नाव असतं. बँकेत शेवटची खेप होईल तेव्हा आईला सोबत न्या आणि तो अर्ज तिथेच भरून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाची टक्केवारी लिहून. टक्केवारी आईला ठरवू द्यात.